आंघोळीच्या पाण्यावरची केळ

माझ्या माहेरच्या घरामागे न्हाणी होती. न्हाणी म्हणजे एक मोठा काळा दगड, तीन बाजूंना कूड आणि वर आकाश. धसईपासून अर्ध्या तासाच्या चालीवर आमचं गाव. त्या दगडावरून वाहिलेलं पाणी हातभर लांबीच्या पाटातून थेट केळीच्या आळ्यात जायचं. ती केळ कोणी लावली हे कोणालाच माहीत नव्हतं. एक घड देऊन ती मरायची आणि तिच्या बुडाशी आलेलं पील मोठं होऊन तिची जागा घ्यायचं. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या पहिल्या आंघोळीचं पाणी तिनं प्यायलं आहे. माझ्या हळदीचं पाणीही तिलाच गेलं. त्यानंतर महिनाभर आळ्यातली माती पिवळी दिसत होती असं आई सांगते. त्यात तिचं तिखटमीठ किती, ते तिलाच ठाऊक.

फक्त एक पाणी तिला वर्ज्य होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ परसातच घालतात, त्याच दगडावर. त्या वेळी पाटाचं तोंड मातीनं बुजवून पाणी दुसरीकडे काढून द्यायचं. ते काम घरच्या लेकीचं. नाही बुजवलं तर माणूस केळीत अडकतो, पुढे जात नाही, आणि त्या केळीचं फळ घरात कोणी खायचं नाही. लहानपणी हे ऐकून मी आंघोळीला बसले की पाटाकडे पाठ करायची.

मी शहापूरला शाळेत विज्ञान शिकवते. भुतंखेतं नसतात, हे मुलांना सांगण्यात माझी वीस वर्षं गेली. तरी बाबा गेले त्या सकाळी मी निमूट उठले, ओली माती कालवली, पाटाच्या तोंडाशी लिंपली आणि वर एक फुटकं कौल उभं दाबून बसवलं. बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटचा महिना त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं, दिवसाला तीन पेले. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन यायची, बाकी सगळं आईनं एकटीनं केलं. त्या सकाळी ती रडतही नव्हती. पुरुषांनी बाबांना दगडावर घेतलं, पहिला तांब्या आईच्या हातानं घातला, आणि मी आत येऊन कोपऱ्यात बसले.

दुसऱ्या दिवशी परसात गेले तेव्हा केळीचं आळं ओलंगच्च होतं. कौल बाजूला पडलं होतं. माती वाहून गेली होती. आळ्यात फुलाच्या दोन पाकळ्या आणि तुळशीचं एक पान होतं.

मी कोणाला काही बोलले नाही. कौल उचलून कुडापलीकडे फेकलं आणि हात धुतले. माती सैल लिंपली गेली असणार, पाण्याचा लोंढा मोठा होता, साधी गोष्ट आहे, असं मी स्वतःला पटवलं. पण त्या दिवसापासून ती केळ माझ्याकडे बघते असं मला वाटायला लागलं, आणि ते आजतागायत गेलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला पील आलं, तेही आजवर कधी नव्हे ते घराच्या बाजूला, आईच्या खिडकीकडे कललेलं. आई भांडी घासताना त्याच्याशी बोलायची. भात किती झाला, कोणाची म्हैस व्याली, कोण येऊन गेलं. मी गेले की गप्प व्हायची. माझी चूक आई अशी रोज समोर बसवून घेते आहे, असं मनात यायचं आणि मला तिथं दोन दिवसही काढवायचे नाहीत.

दोन वर्षांनी आई परसातच पडली. खुबा वाचला, पण तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. मी तिला शहापूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं. तिनं सोबत घेतलं काय, तर लुगड्यांचं बोचकं, बाबांची तपकिरी शाल आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात मातीसकट लावलेलं, त्याच केळीच्या बुडाशी आलेलं नवं पील. टेम्पोत ती पुढे बसलीच नाही. मागे डब्याला धरून बसली.

"गॅलरीत केळ कोण लावतं, आई?" मी म्हणाले.

"मी लावतंय," ती म्हणाली. विषय तिथंच संपला.

गॅलरीतून माहुलीचे सुळके दिसतात. पावसाळ्यात पील डब्यात तरारलं, मग आम्ही त्याला मोठ्या पिंपात हलवलं. आई रोज आंघोळ झाली की मोरीतून एक मग कोमट पाणी भरून, भिंतीला धरत धरत गॅलरीत जायची आणि त्याच्या बुडाशी ओतायची. साबणाचं पाणी कुंडीला चांगलं नसतं हे मी तिला सांगितलं. मग तिनं साबण सोडला आणि डाळीचं पीठ लावायला लागली. हिवाळा आला की त्या केळीची दशा व्हायची. आमच्याकडची थंडी ती काय, लोक हसतील. पण तिसऱ्या मजल्यावर डोंगराकडून येणारा पहाटेचा वारा जमिनीतल्या झाडाला लागतो त्याहून वेगळा लागतो. पानांच्या कडा करपायच्या, नवं पान अर्ध्यात अडकून राहायचं. आई म्हणायची, "हिंव बाधतंय त्याला." केळीला ती 'तिला' नाही, 'त्याला' म्हणायची, हे माझ्या नवऱ्यानं कधी ऐकलं नाही. मी मात्र दर वेळी ऐकलं.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात असते. पाच महिने बर्फ पडतो अशा गावात. तिचं बाळंतपण करायला आई जाऊ शकत नव्हती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीला बिनपगारी रजा जोडून मी गेले. आईजवळ नवरा होता. त्या दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमतं.

धाकटीकडेही केळ होती. तिथल्या दुकानातून आणलेली, मोठ्या काळ्या कुंडीतली. मी पोचले त्याच आठवड्यात पारा शून्याखाली जाणार म्हणून ती नवव्या महिन्याचं पोट सांभाळत मला सूचना देत होती आणि मी कामाला लागले होते. सगळी पानं बुडापासून कापायची. नुसतं खोड उरलं पाहिजे. चार दिवस माती कोरडी होऊ द्यायची. मग खोडाला पोतं गुंडाळायचं आणि घराखालच्या तळघरात नेऊन ठेवायचं, काळोखात. पाणी द्यायचं नाही. महिन्यातून एकदा अर्धा कप, तोही गड्डा अगदी आक्रसू नये म्हणून.

"अगं, मरेल ती," मी म्हणाले.

"नाही मरत. झोपते. पाणी दिलंस तरच मरेल, थंडीत पाणी पचत नाही तिला, कुजते."

तळघरात कपडे धुवायचं यंत्र होतं. बाळ झाल्यावर मला दिवसातून तीनतीनदा खाली जावं लागायचं. दिवा लावला की कोपऱ्यात ती उभी. माझ्या खांद्याएवढी, पोत्यात गुंडाळलेली, डोकं नसलेली. बाहेर बर्फावर लख्ख ऊन असायचं आणि मी बाळाचे लंगोट यंत्रात कोंबून, पाठ न वळवता जिना चढायची. पंचेचाळिशीतली विज्ञानाची बाई उलटी जिना चढते आहे, हे बघून धाकटी हसून हसून टाके दुखतात म्हणाली. मी तिला कारण सांगितलं नाही. कौल, माती, ओलं आळं, यातलं तिला काही माहीत नव्हतं. महिना झाल्यावर ती म्हणाली, ताई, आज अर्धा कप घाल गं तिला. आणि कप माझ्या हातात दिला तो बाळाच्या आंघोळीच्या टबातून भरून. घरापासून इतकं लांब येऊनही ती हे विसरली नव्हती. मी तो कप खाली नेऊन कुंडीत ओतला आणि पुन्हा उलटीच जिना चढले.

मे महिन्यात तिनं फोटो पाठवला. कापलेल्या खोडाच्या मधोमध गुंडाळलेल्या पानाचा हिरवागार पोंगा, करंगळीएवढा. आईला दाखवला. तिनं फोन जवळ-लांब करून पाहिला आणि म्हणाली, "उठली बिचारी." ती बिचारी होती. आपल्या गॅलरीतला मात्र 'तो' होता.

पुढच्या मार्गशीर्षात थंडी खरंच जोराची पडली. दुपारीसुद्धा स्वेटर काढवत नव्हता. आई भाचीच्या लग्नाला चार दिवस धसईला गेली होती आणि गॅलरीतली केळ माझ्या डोळ्यांदेखत माना टाकत होती. मोठी तीन पानं तपकिरी पडली. माझ्याकडे आता परदेशातलं ताजं ज्ञान होतं आणि ते वापरायची मला घाई झाली होती. खरं सांगायचं तर भीतीही होती. ती मेली तर आईला काय सांगायचं? बाबांना केळीत अडकवलं ते मी, आता मारलंही मीच, असं होणार होतं. मी विळा घेतला आणि सगळी पानं कापली, हिरवी दोन होती तीसुद्धा. धाकटीनं सांगितलं होतं तसंच्या तसं. पोतं मिळालं नाही म्हणून कपाटातली बाबांची तपकिरी शाल खोडाला गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. स्वयंपाकघराला लागून आमची बिनखिडकीची छोटी खोली आहे, तांदळाची पिंपं ठेवायची. नवऱ्याच्या मदतीनं पिंप तिथं सरकवलं आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ काढायला दार उघडलं आणि माझ्या हातातलं माप पडलं. बाबा उभे होते. शाल खांद्यावरून घेऊन थोडं पुढे वाकून ते बसची वाट बघत तसे. मी दिवा लावला. केळ होती. शाल होती. मी माप उचललं, तांदूळ काढले, आणि दार लावताना माझ्या तोंडून "येते" असं निघून गेलं. तेव्हा मी स्वतःवर एवढी चिडले की त्या दिवशीचा भात करपला.

आई परत आली ती सरळ गॅलरीत गेली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खोलीचं दार उघडून दिलं. तिनं पाहिलं, पुढे होऊन शाल चाचपली, हात वर नेला आणि जिथं पानं असायची तिथल्या कापावर टेकवला.

"त्याचं डोकं कुठं गो?" ती म्हणाली.

मी समजावलं. मी चांगलं समजावते, माझी ती ख्याती आहे. झाड झोपलंय, अन्न गड्ड्यात साठलंय, फाल्गुनात बाहेर काढू, धाकटीचा फोटो आठव. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पानी?"

"पाणी द्यायचं नाही. महिन्यातून अर्धा कप. जास्त दिलं तर मरेल."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं तिला चक्कर येतेय. त्या रात्री ती जेवली नाही.

त्यानंतर घरात चोर-पोलीस सुरू झाले. मी शाळेतून आले की खोलीतली माती ओली. मी मोरीतला मग लपवला, तिनं तांब्या घेतला. मी दाराला कडी घातली, ती कडी काढायला स्टुलावर चढली. आधीच एकदा पडलेली बाई स्टुलावर चढली म्हणून मी तिला नको नको ते बोलले. "तुला कळत नाही का? डॉक्टरानं सांगितलेलं तरी ऐकायचीस, माझं नाही ऐकत!" असंही बोलून गेले. ती स्टुलाला धरून उभी होती. तांब्या तिच्या हातात तसाच होता.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, खोलीत वास आला. साठलेल्या पाण्याला येतो तसा. मी शाल सोडली. खोडाच्या बुडाशी बोट दाबलं तर आत जात होतं. मी तिथंच तांदळाच्या पिंपाला टेकून खाली बसले. आई मागे आली आणि दारात थांबली.

मला रडू फुटलं आणि त्यातच मी सांगून टाकलं. इतक्या वर्षांत ते वाक्य मी मनात हजारदा जुळवलं होतं, तोंडातून मात्र वेडंवाकडं आलं. "पाट मी नीट बुजवला नव्हता, आई. बाबांच्या वेळी. माती सैल राहिली, कौल पडलं. सगळं पाणी केळीला गेलं. तू म्हणतेस तसे ते तिथं अडकले असतील तर माझ्यामुळे अडकले. आणि आता हे."

आई हळूहळू माझ्याशेजारी बसली. तिला खाली बसायला फार वेळ लागतो. बसल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू चांगलं बुजवलंवतंस. घट. माझ्या अंगठ्याचं नख निघालं ते सरकवताना."

मला कळेना.

"पहिला तांब्या माझ्या हातात दिला ना. तवा मी वाकलंय आणि पायानं कौल पाडलंय. माती उकरली. कोनी बघितलं नाय, समदे रडत होते."

"का?"

आई बराच वेळ शालीची सुतळी बोटाला गुंडाळत राहिली.

"तीन पेले," ती म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलेलं. मी मोजून तीनच दिले. महिनाभर. तो म्हनायचा, एक घोट दे गो. मी नाय दिला. म्हटलं, दिला तर मरंल. शेवटच्या सकाळी व्हट असे फाटलेले, म्हनला, ओला बोळा तरी फिरव. मी म्हटलं, तीन झाले तुमचे." तिनं सुतळी सोडली. "तरी मेलाच ना. मग म्हटलं, आता तरी पिऊ दे. केळ काय, कितीबी पिते. पुढं नाय गेला तर नाय गेला. तहानलेला कशाला जाईल?"

खोलीत तो वास होता आणि आम्ही दोघी बसलो होतो. मी तिला काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं. जास्त दिलं तर मरेल. डॉक्टरानं सांगितलेलं तरी ऐकायचीस. मी कडी घातली होती. हातात पाणी असून ते देऊ न शकणारी माझी आई मी दुसऱ्यांदा दाराबाहेर उभी केली होती.

मी उठले. पिंप एकटीनं ओढत गॅलरीत नेलं, फरशीवर अजूनही त्याचा चरा आहे. उन्हात ठेवलं. खोडाचं बाहेरचं सोपट कुजलं होतं ते सुरीनं सोलून काढलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट लागलं. डोळे थोडे निवळल्यावर मला माझं विज्ञान आठवलं. बर्फातल्या तळघरात झाड झोपतं, पण आमच्या तांदळाच्या खोलीत झोपण्याइतकी थंडी नव्हतीच. ते जागंच होतं, काळोखात. त्याला ऊन हवं होतं आणि थोडं पाणी. दुसऱ्या देशातली थंडी मी माझ्या घरात लावायला गेले होते. मोरीतून मी स्वतः कोमट पाण्याचा मग भरून आणला, आईच्या हातात दिला, आणि तिचा दंड धरून उभी राहिले.

ती ओतताना म्हणाली, "घे, पी." माझ्यासमोर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

माघ सरता सरता कापाच्या मधोमध पोंगा आला. धाकटीच्यासारखा तजेलदार नाही, पिवळट, एका बाजूनं चुरगळलेला. आता त्याचं पान उलगडलं आहे. बाबांची शाल धुऊन आईच्या उशाशी आहे. मला अजूनही संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेलं की कोणी बघतंय असं वाटतं. पूर्वी मी मान खाली घालायची. आता थोडा वेळ थांबते. वर्गात भुतं नसतात हे सांगताना मात्र माझा आवाज हल्ली पूर्वीसारखा लागत नाही.

मागच्या आठवड्यात आई आंघोळीहून आली आणि पदरानं तोंड पुसता पुसता तिनं विचारलं, "आपल्या मोरीचं पानी जातं कुठं गो?"

"पाइपात."

"आनी तिथून?"

"खाली. जमिनीखाली टाकी आहे, सगळ्या बिल्डिंगचं तिथं जातं. झाकण आहे वर."

"म्हंजे तिथं आडवायलाबी काय नाय आनी सोडायलाबी काय नाय," ती म्हणाली. तिनं थोडा विचार केला. मग मोरीत परत गेली आणि कोपऱ्यातली निळी बादली घेऊन आली. माझ्यासमोर ठेवली. "ही भरून ठेव माझ्या वेळंला. गॅलरीत नेऊन ओत. मला पुढं जायची घाई नाय. आनी पाट बुजवायचं काम लेकीचं असतं, तर उघडं ठेवायचंबी तिचंच."

मी बादली घासली, उलटी करून वाळवली आणि मोरीच्या माळ्यावर ठेवली. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, असं नवऱ्याला सांगितलं आहे.